कमलची गुरुवारची रडारड

आम्ही दोघांनी शेवटचं काय केलं, तर कलिंगड खाल्लं आणि खिडकीतून बिया थुंकल्या. कोणाची लांब जाते, अशी शर्यत. वय बघा आमचं. कमलची बी समोरच्या शेठच्या स्कूटरवर जाऊन बसली. माझी माझ्याच हनुवटीवर. "ए म्हाताऱ्या, तुझं सगळं असंच," ती म्हणाली आणि हसता हसता तिला ठसका लागला.

ही माझी बायको. आधी ती टेकडीवरच्या गल्लीत धंदा करायची. आमची ओळख तिथलीच. मी कापडाच्या लूमवर कामाला होतो आणि तिथं भजनाला गेलो नव्हतो, एवढं समजा. लग्नानंतर गल्ली सुटली, पण तिच्या डोक्यातला भुंगा काही सुटला नाही. भुंगा हा शब्द तिचाच. तो आला की ती भिंतीकडे तोंड करून पडायची, जेवायची नाही, बोलायची नाही. मी तिला देवऋष्याकडे नेलं. त्यानं लिंबू उतरवलं. कमलनं तेच लिंबू घरी आणून सरबत केलं, प्यायली आणि म्हणाली, "चल आता दवाखान्यात. लिंबू चांगलं होतं, पण भुंगा हाय तिथंच हाय." सरकारी दवाखान्यात डोक्याचा डॉक्टर भेटला. गोळ्या लागू पडल्या.

मग ती परत गल्लीत जायला लागली, तिथल्या बायकांसाठी. तिथं कोणी रडलं की घरवाली, म्हणजे धंद्याची मालकीण, ओरडायची, गिऱ्हाईक पळतं म्हणून. शुक्रवारी लूम बंद, त्यामुळे त्या दिवशी गल्लीत गर्दी. म्हणून कमलनं रडायला गुरुवारची दुपार ठरवली. लूमसारखीच शिफ्ट. एकीनं रडायचं, दुसरीनं वारा घालायचा, बाकीच्यांनी गप बसायचं. 'जाऊ दे, होतं असं' म्हणणारीला कान धरून कोंबडा. "समजूत काढायची न्हाय, पाणी द्यायचं," ती बजावायची. मी बाहेर चहाची किटली घेऊन बसायचो. आतून हुंदके यायचे आणि मधेच हसू फुटायचं, कारण कोणीतरी कोंबडा झालेली असायची.

एकदा घरवाली भांडायला आली. "ये क्या तमाशा है?" कमल म्हणाली, "बैठो. नंबर लगेगा." बाई बसली, आणि तिला जे रडू फुटलं ते थांबेना. तिनं सगळ्यांचे नंबर खाल्ले. पोरी चिडल्या, "अब बस करो, हमको भी रोना है." पुढच्या गुरुवारी घरवाली सगळ्यांच्या आधी येऊन बसलेली.

नुसतं रडून भागणार नाही अशी एक होती, मुन्नी. तिला झोप नसायची, एकटीच बडबडायची. एकदा तिनं जीव द्यायला बघितलं होतं. कमलनं तिला डॉक्टरकडे नेलं. गोळ्यांचं अख्खं पाकीट हिच्या हातात देऊ नका, असं डॉक्टरनं सांगितलं. म्हणून पाकीट आमच्या घरी, आणि रोज सकाळी कमल एक गोळी घेऊन टेकडी चढायची. मी म्हणायचो, "गुडघे बघ तुझे." ती म्हणायची, "गुडघे माझे, पोरगी पण माझी. तू चहा ठेव."

कलिंगड खाल्लं त्या संध्याकाळी ती भिंतीला टेकून बसली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हार्ट. माझा भाऊ वज्रेश्वरीहून यायचा होता म्हणून सकाळपर्यंत ठेवायचं ठरलं. टेकडीवर कोणी कळवायचं नाही, असं मी सगळ्यांना दम देऊन सांगितलं.

सकाळी तिरडी बांधायला घेतली. मी पाकिटातली एक गोळी काढली आणि चपला घातल्या. भाऊ म्हणाला, "अरे, आता कुठं?"

मी म्हटलं, "आलोच. तिला म्हणावं, थांब जरा."

टेकडीवर मुन्नी दारातच उभी होती. "मौसी कहाँ है?"

"पहले गोळी."

तिनं गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली. मी मान डोलावली.

"ऐसे नहीं, काका. मौसी मुँह खोलके देखती है." तिनं आ केला, जीभ वर केली. माझा चष्मा घरी राहिला होता. मी वाकलो, डोळे बारीक केले, डावा गाल बघितला, उजवा बघितला. तिनं परत आ करून दाखवला. गोळी पोटात गेली होती.

"कल भी मैं ही लाऊंगा," मी म्हणालो. आणि मग तिला सांगितलं.