भिंतीकडे तोंड करून

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते मूल गावच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईंचे. घरातला पहिला पदवीधर झालो तो त्यांच्या भातावर. त्यांचा एक नियम होता. पोरांनी भिंतीकडे तोंड करूनच जेवायला बसायचं. माझी जागा दारापासून तिसरी. कोणाच्या घरून तूप यायचं, कोणाच्या घरून लोणचं. माझ्या घरून काहीच नाही. "आपापल्या ताटात पाहा रे," एवढंच त्या म्हणायच्या.

पुढे गडचिरोलीच्या एका कचेरीत कंत्राटी नोकरी लागली. एक लिनक्स सर्व्हर आणि त्याला जोडलेले सात जुने संगणक सांभाळायचे. शिकलेला माणूस म्हणून मी सगळ्यांना ps ही आज्ञा शिकवली. ती दिली की कोण कोणता प्रोग्राम चालवतोय, कोणती फाइल उघडून बसलाय, याची यादी पडद्यावर. कचेरीने इतकं मन लावून दुसरं काहीच शिकलं नाही. टपालाआधी लोक यादी पाहू लागले.

एकदा आमच्या ऑपरेटर बाईंच्या नावापुढे आलं: आश्रमशाळा-अर्ज. भामरागडकडे शिक्षिकेची जागा निघाली होती. त्यांची आजारी आई तिथेच एकटी राहत होती.

"काऊन बाई, आमाले सोडून जंगलात चालल्या?" बडे बाबू सगळ्यांदेखत म्हणाले.

"तुमी फाइली सोडून माही यादी वाचून राह्यले भाऊ. जंगल बरं वाटते मंग."

हसू झालं आणि ते साहेबांपर्यंत गेलं. अर्जासोबत साहेबांच्या सहीचा अनुभवाचा दाखला लागत होता. साहेब म्हणाले, "दाखला नाई भेटत. इथी काम कोण करन?" मुदत गुरुवारपर्यंत होती. बाई मला म्हणाल्या, "तुमी चांगल्यासाठीच शिकवलं होतं भाऊ." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी मी कचेरी उघडली, कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, एक सुरक्षेची दुरुस्ती घालून तो नव्याने तयार केला आणि मशीन पुन्हा सुरू केली. सोमवारी ज्याला त्याला यादीत फक्त आपलेच प्रोग्राम दिसू लागले. कचेरीवर शोककळा पसरली. बड्या बाबूंना नाइलाजाने काम करावं लागलं.

साहेबांनी बोलावलं. "मशीन खराब केली काय बे? काही दिसून नाई राह्यलं!"

"पहिल्यासारखं करून देतो साहेब. पण त्या यादीत तुमच्या नावापुढे रोज दुपारी पत्त्यांचा खेळ दिसत होता. सगळ्यांले."

साहेबांनी उठून दार लावलं. "राहू दे," ते म्हणाले. "सुरक्षा पहिली पाहिजे." मी बाईंचा टाइप करून आणलेला दाखला पुढे केला. इतर सगळ्या कागदांवर करायचे तशीच, न वाचता, त्यांनी सही केली.

महिन्याभराने मी मूलला पत्र टाकलं. स्वयंपाकाच्या बाईंना वाचता येत नव्हतं. पोस्टमन वाचून दाखवायचा.

"बाई, नमस्कार. इथे मी सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आहे. कचेरीतल्या एक बाई शाळेत लागल्या, आईजवळ गेल्या. मशीन सांभाळतो म्हणून मला मात्र अजून सगळ्यांचं दिसतं. वाढताना तुम्हालाही दिसायचं. माझं ताट कोरडं आहे हे तुम्ही कधी कोणाला सांगितलं नाही, वरण तेवढं जास्त वाढलं. मीही कोणाचं सांगत नाही. तुमचा, दारापासून तिसरा."