दऱ्या की दर्या?

मंडळी, रिटायर झाल्यावर घरबसल्या प्रोग्रामिंग शिकलो. सध्या मजकुराच्या ओळी पाडून स्क्रीनवर मांडणारी लायब्ररी लिहितोय, दुसऱ्या प्रोग्रामरांना वापरता येईल अशी.

आज दुपारी तिला 'दऱ्या' दिलं, तर 'दर्या' उमटलं. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्रच झाला की! मग जोडाक्षर सुटं न करता अख्खंच फॉन्टकडे द्यायचं, असा नियम केला. जमलं!

हरखून मुलाला हाक मारली, दोन्ही शब्द शेजारी दाखवले. तो इथे सुरतेतच गुजराती शाळेत शिकला. म्हणाला, "पप्पा, दोन्ही सरखंच तर दिसतंय. चालशे ने!"

आमची ही असती तर चष्मा पुसून म्हणाली असती, "हां, आत्ता बसलं बघा."

तुमच्या स्क्रीनवर हे दोन शब्द वेगळे दिसतात का हो? नुसतं 'दिसतात' लिहिलंत तरी पुरे.