खणखणीत की बद्द

कसबा पेठेतले एक पाथरवट रविवारी आमच्या हिंजवडीच्या आयटी टोळक्याबरोबर किल्ल्यांवर यायचे. आमच्या पायात महागडे बूट, त्यांच्या पायात जुन्या चपला. कातळ दिसला की ते बोट वाकवून टकटक करायचे, शेजाऱ्याच्या दारावर करावी तशी. खणखणीत वाजला की मान डोलवायचे.

"अहो, कठीण दगडाचा कडा होतो आणि मऊ दगडाची वाट. सह्याद्रीचं शास्त्र एवढंच."

एकदा वेळ वाचवायला आम्ही सरळ कातळ चढायचं ठरवलं. त्यांनी तो वाजवून पाहिला. आवाज बद्द आला, आतून पोकळ असल्यासारखा. ते खाली बसले आणि त्यांनी डबा उघडला.

"तुम्ही येत नाही?" मी विचारलं.

"आपण व्हा पुढे. घरी निरोप द्यायला कोणीतरी उरायला हवं ना!"

आम्ही वळून लांबच्या वाटेला लागलो.

परवा मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "कंपनी भक्कम आहे. कुणाचीही नोकरी जाणार नाही." टाळ्या वाजल्या. मला मात्र तोच बद्द आवाज ऐकू आला. घरी आल्याआल्या मी बायोडेटा काढून बसलो.