आगराच्या वह्या

बारा वर्षं ग्रंथपाल म्हणून मिरवले आणि एक साधा शब्द मला कळला नाही. जळो ती माझी पदवी!

मी श्रीवर्धनकडची. आमच्याकडे आगर म्हणजे नारळ-सुपारीचं. नोकरी लागली ती मात्र न्हावा शेव्याच्या बाजूला, एका लहानशा कॉलेजात. पहिल्याच वर्षी एक म्हातारे गृहस्थ पिशवीतून सहा वह्या घेऊन आले. "घरात वाळवी हाय बाय, तुमच्याकडं नीट राहतील," म्हणाले. वर लिहिलेलं, 'आगर: पाणी घेण्याच्या नोंदी'. मला वाटलं, झाडांच्या शिंपण्याचं असेल. उघडूनसुद्धा पाहिलं नाही हो! 'बागायत' अशी चिठ्ठी चिकटवली, शेतीच्या कपाटात ठेवल्या आणि मोकळी झाले.

पुढे तपासणी समिती यायची होती. कॉलेजात शेतीचा विषय नाही, मग त्या कपाटाची अडगळ कशाला, असं वरून आलं. बाद यादीवर सही माझीच. सगळं रद्दीच्या टेम्पोत गेलं, आणि मला चक्क हायसं वाटलं.

गेल्या वर्षी बीएच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली. इतिहासाचा प्रबंध तिला स्वतःच्या गावावर लिहायचा होता. "मॅडम, माझ्या आज्यानं आगराच्या वह्या इथं दिल्या हायत."

"अगं, इतिहासाला नारळ-सुपारी कशाला?" मी थट्टा केली.

ती खळखळून हसली. "नारळ न्हाय मॅडम, मिठाचं आगर! खाडीचं पाणी कधी घेतलं, कुणी बांध घातला, कोण कुठल्या कोंडीत, म्हंजे मिठाच्या वाफ्यात, राबलं, सगळं आज्यानं लिवलंय. आता तिथं कंटेनर हायत."

खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "शोधते हं."

मग मी शोधत राहिले. नसलेल्या वह्या! सरकारी कार्यालयांना पत्रं धाडली, जुनी गॅझेटियरं उपसली. मिठाबद्दल सापडलं, त्या माणसांबद्दल एक ओळ नाही. आजोबांनाच विचार, असंही सुचवलं. "त्याची वाचा गेलीय मॅडम, पक्षाघातानं," ती म्हणाली. रोज संध्याकाळी ती विचारून जायची आणि मी रोज खोटं बोलायचे.

शेवटी मुदत संपत आली. तिच्या मार्गदर्शक सरांनी विषय बदलून दिला, एका जलदुर्गाचा. त्यावर नेटवर ढिगानं मिळतं.

प्रबंधाची प्रत ती ग्रंथालयात जमा करायला आली. ऋणनिर्देशात लिहिलं होतं, 'ग्रंथपाल मॅडमनी माझ्यासाठी जिवाचं रान केलं.' मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज सांगायचंच, असं ठरवून मी तिला बसवलं.

तीच आधी बोलली. "मॅडम, आज्याला सांगितलंय मी, वह्या तुमच्याकडंच हायत, सापडतील कधीतरी. किती दिवसांनी हसला तो."

मी मान हलवली आणि तिच्या प्रबंधावर दाखल क्रमांक घातला.