थर्मासवाले अंकल

थर्मासवाले अंकलना मी थर्मासशिवाय कधी पाहिलं नाही. डाव्या काखेत थर्मास, त्याच हातात वाळक्या भोपळ्याचा मुठीएवढा तुंबा आणि तुंब्यात खोचलेली धातूची नळी. उजवा हात जगाशी व्यवहार करायला मोकळा. बँकेत तसेच, मिस्सेलाही तसेच. फादरनी एकदा थर्मास चर्चबाहेर ठेवायला सांगितला, तर अंकल स्वतःही बाहेरच उभे राहिले. पाचूबंदरला मासळी घ्यायला गेले की कोळणी हमखास विचारायच्या, "बाबा, बाटलीत पानीच हाय ना?" अंकल म्हणायचे, "पानीच हाय, पण तुला नाय झेपायचं."

आमची बिल्डिंग त्यांच्याच वाडीत उभी राहिली. जमिनीच्या बदल्यात त्यांना तळमजल्यावरचा फ्लॅट मिळाला, आणि बिल्डरच्या तावडीतून एक चिकूचं झाड वाचलं. आम्ही मूळचे चिपळूणचे. महेश सातिवलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर, मी घरी शिकवण्या घेणारी. महेशच्या शिफ्टमुळे माझ्या दुपारी एकट्याच जायच्या. झाडाखाली खुर्च्या मांडून बसलेल्या अंकलनी एकदा हाक मारली, "ये बाय, बस," आणि मी बसले ती बसलेच.

त्यांची तरणी वर्षं बोटीवर गेली होती, आणि त्यातली बरीचशी उरुग्वेतल्या मोंतेविदेओ बंदरात. "ब्राझील नि अर्जेंटिनाच्या मध्ये चेपून बसलेला एवढासा देश," असं त्याचं वर्णन ते करायचे. तिथे म्हणे बसमध्ये, बाजारात, समुद्रकाठी जो तो काखेत थर्मास घेऊन हिंडतो. तुंब्यात माते नावाचा हिरवा पाला भरायचा, न उकळलेलं गरम पाणी घालायचं आणि नळीने ओढायचं. हे गोल करून बसून प्यायचं. तुंबा एक, नळी एक आणि ओतणारा माणूसही एकच. पहिला कडू तुंबा तो स्वतः पितो, मग पाळीपाळीने प्रत्येकाला भरून देतो. देताना नळीचं तोंड घेणाऱ्याकडे करायचं, घेणाऱ्याने परत देताना ते ओतणाऱ्याकडे वळवायचं. पाला अंकलचा बोटीवरचा पुतण्या पोत्याने आणून द्यायचा.

पहिल्या दिवशी मी तो कारल्याच्या काढ्यासारखा प्रकार कसाबसा गिळला आणि शिकल्यासवरल्या बाईसारखी म्हणाले, "थँक यू, अंकल." झालं! त्यानंतर मला तुंबा मिळालाच नाही. माझ्या नाकासमोरून तो जात-येत होता आणि मी आपली खुळ्यासारखी बसून. दुसऱ्या दिवशी रागाने गेलेच नाही, तर अंकलच जिना चढून आले. म्हणाले, "बाय, आभाराला तिकडे ग्रासियास म्हणतात. पण फेरीत ग्रासियास म्हटलं की मला पुरे, मी उठलो. मग त्याला पुन्हा द्यायचा नाही. आपल्याकडे घरात कोण कोणाचे आभार मानतं? म्हणून मला इकडे बरं वाटतं. फेरी मोडत नाही."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की काल तुंबा जात-येत होता, पण आम्ही तर दोघंच होतो. तिसरी खुर्ची रिकामी होती.

ती खुर्ची एल्बियोची. मोंतेविदेओच्या धक्क्यावर अंकलच्या जोडीने काम करणारा, मोठ्याने हसणारा माणूस. एका दुपारी फेरी रंगात असताना त्याला होडीवर कुणीतरी बोलावलं. तुंबा अंकलच्या हातात देऊन तो "आलोच" म्हणाला आणि गेला. होडी परत आली, एल्बियो आला नाही. पाण्याने त्याला परत दिलंच नाही. "पण तो ग्रासियास म्हणाला नव्हता," अंकल म्हणाले. "म्हणजे त्याची पाळी अजून आहे. त्याला वगळणारा मी कोण?"

मला गलबलून आलं. म्हाताऱ्या माणसाची माया, असं मी समजले. मग मी नीट बघायला लागले. अंकल तुंबा भरून त्या खुर्चीवर ठेवायचे, नळीचं तोंड खुर्चीच्या पाठीकडे. आम्ही काहीबाही बोलत असायचो. उचलायच्या वेळी तुंबा कोरडा असायचा. "पाला पाणी पितो," महेश म्हणाला. पितही असेल. पण नळीचं तोंड अंकलकडे वळलेलं असायचं, आणि नळी पाला वळवत नाही. एकदा मी पापणी न लववता बघत बसले. काही झालं नाही. झाडावरून चिकू पडला म्हणून मान वळवली, तेवढ्यात तळाचा थेंब ओढल्याचा सुर्रकन आवाज आला.

"घाबरू नकोस. त्याला तहान फार," अंकल म्हणाले.

एकदा त्यांची मुलगी सिल्वी कॅनडातून सुट्टीला आली होती. तिने लाडाने थर्मासला हात घातला, "पप्पा, आज मी ओतते." अंकलनी तो ओढून छातीशी धरला आणि तिच्यावर असे खेकसले, की ती रडत आत गेली. इतक्या मायाळू माणसाचा तो दुष्टपणा मला मुळीच आवडला नाही.

पुढे त्यांचे हात थरथरायला लागले. पाणी मांडीवर सांडलं तेव्हा मला राहवेना. "आणा इकडे, मी ओतते." त्यांनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. "तू मागतेस, हां बाय. मी दिला नाही." मी हसून थर्मास घेतला. पहिला मी प्यायले, मग एल्बियोचा ठेवला, मग अंकलना दिला. त्यांनी सावकाश, तळापर्यंत ओढला, नळी माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "ग्रासियास."

मी चमकून बघितलं. त्यांचा चेहरा एकदम हलका झाला होता. "ओतणाऱ्याला म्हणता येत नाही हे," ते म्हणाले. "सगळे उठेपर्यंत त्याने बसायचं असतं. फार दमलो होतो गो." त्याच आठवड्यात ते झोपेतच गेले.

सिल्वी मातीला कॅनडातून आली होती; मातीहून परतल्यावर तिने थर्मास आणि तुंबा माझ्या हातात दिले. मी ते माळ्यावर टाकले. दुसऱ्या दिवशी दुपारी गॅलरीतून पाहिलं, तर आदल्या दिवशी भिंतीला लावून ठेवलेल्या खुर्च्यांपैकी एक झाडाखाली होती, आमच्या जिन्याकडे तोंड करून. मी पाणी तापत ठेवलं.

तेव्हापासून रोज ओतते. अंकलचा राग येतो, आणि त्यांची आठवण येऊन भर दुपारी रडूही येतं. लेकीला वाचवलं आणि मला अडकवलं, असं मनात येतं. मग आठवतं, हात मीच पुढे केला होता.

हल्ली महेशची शिफ्ट बदलली आहे, तोही येऊन बसतो. पाल्याचा सिद्धांत त्याने अजून सोडलेला नाही. काल एल्बियोचा तुंबा उचलायला मी वाकले आणि थबकले. नळीचं तोंड माझ्याकडे नव्हतं, महेशकडे होतं.

"बघ, मलाच बोलावतोय तुझा पाहुणा," महेश हसत म्हणाला आणि त्याने थर्मासकडे हात नेला. "दे, आज मी ओततो."

मी थर्मास ओढून छातीशी धरला आणि त्याच्यावर खेकसले. माझा आवाज बिल्डिंगभर गेला असेल. महेश दुखावून वर निघून गेला. जाऊ दे. सिल्वीही अशीच गेली होती.