लालगळ्याला तोलामोलाचा सोबती

ऐका, सांगतो. पण हातातला चहा आधी संपवा. हसताना सांडलात तर मला पुन्हा नव्यानं लाज वाटेल.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत काचेच्या दुकानात कामाला. आठवीत शाळा सुटली, तेव्हापासून फोटोंना फ्रेमा आणि खिडक्यांना तावदानं. दुकानात उरलेल्या काचांची मी घरी माशांसाठी पेटी केली होती. लोखंडी अँगलची चौकट, आत एक हिरवा बल्ब आणि एकच मासा. सिक्लिड जातीचा, फायरमाउथ. गळा कुंकवासारखा लाल. आईनं त्याचं नाव लालगळ्या ठेवून टाकलं.

संध्याकाळी बल्ब लावला की आमची सगळी खोली पाण्याखाली जायची. भिंतीवर लाटा. दोरीवरची लुगडी शेवाळासारखी हलायची. मी स्टुलावर बसायचो आणि कुठं जायचो कुणास ठाऊक! आई जेवायला हाका मारायची. त्या मला कुणीतरी घाटावरून मारल्यासारख्या ऐकू यायच्या, आणि मी आपला तळाशी.

तर, कुरुंदवाडला मुलगी बघायला गेलो. मुलगी म्हणजे शालन. मॅट्रिक झालेली. बघायला गेलो म्हणतो, पण बघितलं काय? पोह्यांतले शेंगदाणे! मान वर होईल तर शपथ. आईला माझं कौतुक करायला दुसरं काही सापडेना, म्हणून ती माशाबद्दल सांगत बसली. तेवढ्यात समोरून आवाज आला,

"एकटाच असतो तो?"

"हो," मी शेंगदाण्याला म्हणालो.

"मग करमतं त्याला?"

झालं! माझी सगळी झोप त्या एका प्रश्नात बुडाली. येताना एसटीच्या खिडकीतून ऊस मागं पळत होता, आणि मला त्या उसातही मासे पोहताना दिसत होते. करमतं त्याला? आणि 'त्याला' म्हणजे नक्की कुणाला विचारलं असेल हो?

पुढच्या रविवारी तिचे मामा आमचं घर बघायला येणार होते. अंबाबाईचं दर्शन करायचं म्हणून शालनही बरोबर. म्हणजे ती पेटी बघणार. आणि आत तो तसाच एकटा दिसला तर? ज्याला माशाची सोबत करून देता येत नाही, तो बायकोला काय सोबत देणार?

सोबती आणायचा, ठरलं. पण कसला? मी गेलो शेजारच्या वस्तादांकडे. वस्ताद तालमीत पोरं तयार करायचे आणि जत्रेत कुस्त्याही तेच जोडून द्यायचे. दोन पोरांची मनगटं दाबणार, माना चाचपणार आणि म्हणणार, "लावा!" त्यांनी जोडलेली कुस्ती एकतर्फी झाली, असं पेठेत कुणी म्हणून दाखवावं.

घरी येऊन त्यांनी लालगळ्याला चारी बाजूंनी न्याहाळलं आणि मला घेऊन माशांच्या दुकानात गेले.

दुकानदार बिचारा सांगत होता, "बारकी, चपळ, दुसऱ्या रंगाची न्या. ह्याच्या जातीचा नको, आणि ह्याच्या मापाचा तर अजिबात नको."

"का वो?" वस्ताद कडाडले. "कमी ताकदीचा घातला तर हा दाबणार न्हाय त्याला? बरोबरीचा पायजे. बरोबरीचा असला की मान ऱ्हातोय. व्हय का न्हाय रं दिन्या?"

मी मान हलवली. भिऊन नव्हे हो, मला पटलंच! कोल्हापुरात लहानाचे मोठे झालो आपण. हलक्या पोराला भारी पोरासमोर उभं करणं म्हणजे पाप, हे आपल्याला कुणी शिकवावं लागतं का?

"ह्यो बघ! मान बघ, छाती बघ," वस्तादांनी काचेवर बोट ठेवलं. "आमच्या तालमीतलाच वाटतोय."

"अहो वस्ताद, दोघंबी नर हायत!" दुकानदारानं कपाळाला हात लावला.

"मग? पैलवानाची दोस्ती पैलवानाशीच!"

रविवारी सकाळी नवा मासा पेटीत सोडला. दोघे समोरासमोर थांबले. कल्ले फुगवले. गळे लालभडक झाले. माझे डोळेच भरून आले. लाजतायत हो! मीसुद्धा असाच कानापर्यंत लाल होतो.

पाहुणे आले. वस्तादांना मी मुद्दाम बोलावलं होतं, माझ्याबद्दल चार चांगले शब्द सांगायला. मामा चहाची बशी ओठाला लावणार, एवढ्यात पेटीत पाणी उसळलं.

"अगं बाई! तोंडाला तोंड लावलंय की!" म्हणत आईनं डोळ्यांवर पदर घेतला.

"मैत्री झाली त्यांची," मी शालनच्या पायांकडं बघत म्हणालो.

मामांनी बशी खाली ठेवली. "मैत्री कसली पावणं? ही तर कुस्ती हाय!"

कुरुंदवाडच्या तालमीत अंगाला माती लावलेला माणूस तो! वस्तादही खुर्चीतून उठले. माझ्याबद्दलचे चार शब्द गेले उडत.

"जबडा सोडू नगंस!"

"जुना मारणार बघा!" मामा गरजले.

"काय बोलताय? नव्याला मी निवडलंय!"

खिडकीत अर्धी पेठ जमली. कुणीतरी शिट्टी मारली. लालगळ्याचे दोन खवले माझ्या डोळ्यांसमोर तरंगत खाली गेले, आणि मी बाहीसकट हात पाण्यात घातला. काचवाल्याला उपाय एकच माहीत, काच! कोपऱ्यातला तुकडा उचलला आणि दोघांच्या मध्ये खुपसला.

त्यांचे जबडे सुटले खरे, पण पुढं काय? काचेतून एकमेकांना दिसतायत की! दोघं दोन्हीकडून काचेला धडका द्यायला लागले, आणि खिडकीतून टाळ्या.

"अहो, काच काय घालताय? आरपार दिसतंय ना त्यांना!" शालन उठून पेटीपाशी आली होती. "न दिसणारं काहीतरी घाला!"

फळीवर माझी शाळेतली पाटी होती. काच काढून तीच उभी सारली. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा ती कामाला आली.

पाणी हळूहळू शांत झालं. हिरवा उजेड पुन्हा भिंतीवर पसरला. आणि त्या पेटीच्या काचेत मला एक चेहरा दिसला. मान वर न करता, असा पहिल्यांदाच! ओठ दाबून हसत होती. मी तिथंच राहिलो. खोलीत काय चाललंय, कोण काय बोलतंय, सगळं घाटावर. मी तळाशी.

वर आलो ते मामांच्या आवाजानं. "पोरगं गरीब हाय गं शालन, पण ह्याला सोबत निवडायची अक्कल न्हाय."

माझ्या बाहीतून पाणी ठिबकत होतं. वाटलं, संपलं.

"नसू दे की मामा," ती म्हणाली. "निवडायचं ते मी निवडलंय."

आता नवा मासा दुकानात परत गेलाय. पेटीत शालननं बारकी, चंदेरी, चपळ मासळी आणून सोडलीय. लालगळ्या त्यांच्यातून संथ फिरत असतो, मी स्टुलावर बसून बघतो, आणि जेवायच्या हाका आता ती मारते.

वस्ताद अजून चिडून आहेत, रंगात आलेली कुस्ती पाटी घालून सोडवली म्हणून. परवा दारातच त्यांनी मला अडवलं.

"काय रं दिन्या, लग्न झालं, पर तुझ्या घरातनं कधी भांडणाचा आवाज येत न्हाय?"

"कसा येईल वस्ताद? कुस्तीला जोड बरोबरीची लागती."