अब्बा बसले तरच फिरणारा मीटर

भूत-बित, नजर-बिजर... आपला विश्वास शून्य. लातूरला गाड्यांचे मीटर दुरुस्त करण्यात वीस वर्षं गेली माझी. केबल, दातेरी चाकं, थोडं तेल — याच्यापलीकडं मीटरमध्ये काही नसतं, असंच मी मानायचो.

एका दुपारी औसा रोडवरचे एक क्लासवाले सर पांढरी अॅम्बेसिडर घेऊन आले. काटा स्पीड दाखवायचा, पण किलोमीटरचे आकडे अडकलेले.

"सलीमभाई, रविवारी क्लासची रॅली आहे. भूकंपात आमच्या या गाडीनं जखमी वाहिले, बॅनरवर छापलंय. सगळं चालू पाहिजे."

माझं डोकंच सणकलं. ती गाडी त्यांच्या वडिलांची, आणि माझे अब्बा तिचे ड्रायव्हर! भूकंपाच्या सकाळी माझी फूफी, अब्बांची सख्खी बहीण, औशाकडच्या खेड्यात ढिगाऱ्यातून जिवंत निघाली होती. निरोप आला तसे अब्बांनी मालकापुढं हात जोडले. मालक म्हणाला, "सीटा रक्तानं खराब होतील." किल्ली दिली नाही. फूफी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, लातूरच्या वाटेवरच गेली.

तरी काम घेतलं. झिजलेलं चाक बदललं, नवी केबल टाकली. टेबलावर मीटरला ड्रिल लावून फिरवलं — आकडे मस्त पळाले. गाडीत बसवून सरांसोबत फेरी मारली... एक आकडा हलला नाही. तीनदा खोललं. तीनदा तेच.

तेवढ्यात अब्बा माझा डबा घेऊन दुकानात आले. गाडी ओळखली, सरळ मागच्या सीटवर जाऊन बसले. मी गाडी काढली आणि आकडे फिरायला लागले! चार किलोमीटर, बरोबर. अब्बा उतरले — बंद. परत बसवलं — चालू.

सर घाबरतील असं वाटलं होतं. ते हसून म्हणाले, "मग रॅलीत चाचांनाच बसवू की!"

अब्बा शांतपणे बोलले, "बसतो ना. पर आधी माईकवर खरं काय ते सांगा."

"जुनं कशाला उकरता चाचा?"

मी किल्ली त्यांच्या अंगावर फेकली. शिव्याही दिल्या, लई दिल्या. पस्तावा नाही.

पुढं त्यांनी नांदेडच्या दोन मेकॅनिकांकडून मीटर खोलून घेतला म्हणे. पार्ट सगळे ओके, आकडे जागच्या जागी. का, ते मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर लिहा... पण अब्बांना परत त्या गाडीत बसवून बघा, असं मात्र कुणी सुचवू नका.